चोवीसचा क्रिस्टल

१६ ऑक्टोबर १९८८, रविवार

चोवीसचा क्रिस्टल अखेर बसवून पाहिला. वीस मिनिटं यंत्र असं धावलं की मला खुर्चीत बसवेना, उभाच राहिलो.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच उपयोग होईल. मुळ्ये सरांच्या संगणक वर्गात दोन यंत्रं आहेत आणि दोन्ही बाजारातली सगळ्यात स्वस्तातली. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत माळनाक्यावर हा वर्ग काढला. मी त्यांच्याकडे शिकवतो आणि यंत्रं बिघडली की उघडतो. आतला प्रोसेसर पावणेपाच मेगाहर्ट्झचा. त्याच्याजवळ बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी असते, तो क्रिस्टल. त्याच्या ठोक्यावर प्रोसेसर चालतो. मूळचा क्रिस्टल चौदाचा आहे. तो काढून चोवीसचा लावला तर तोच स्वस्तातला प्रोसेसर आठने पळायला लागतो. हे एका मासिकात वाचलं होतं. क्रिस्टल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणवला.

एकविसाव्या मिनिटाला पडदा थिजला आणि वर दोन शब्द आले, पॅरिटी चेक. यंत्र आपली मेमरी आपणच तपासत असतं, आणि कुठे एखादा आकडा बिघडलेला सापडला की हे दोन शब्द दाखवून काम तिथल्या तिथे थांबवतं. मेमरीला हा वेग झेपत नाही असं दिसतं. पुन्हा चालू केलं. नऊ मिनिटांत पुन्हा तेच.

गंमत म्हणजे यंत्रातलं घड्याळही त्याच क्रिस्टलवर चालतं, त्यामुळे तेही तासाला चाळीस मिनिटं पुढे धावलं.

संध्याकाळी जुना क्रिस्टल परत बसवला. सरांना सांगितलेलं नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

सरांना सांगितलं. रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "पावणेपाचच्याला आठने पळवून तू मिळवणार काय?"

मी म्हटलं, तुमचा होड्यांचा प्रोग्राम साडेपाच तास घेतो, तो सव्वातीन तासांत होईल.

"मला घाई नाही," सर म्हणाले.

होड्यांचा प्रोग्राम हा सरांचा छंद आहे. समुद्रात इंजिन बंद पडलेली होडी वाहत कुठे जाईल, हे त्यांना काढायचं असतं. वारा आणि पाण्याची ओढ नेमकी किती, हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून ते एका होडीऐवजी पाचशे होड्या सोडतात, प्रत्येकीला थोडा वेगळा वारा, थोडी वेगळी ओढ, आणि प्रत्येकीला दर दहा मिनिटांनी पुढे सरकवतात. शेवटी पडद्यावर पाचशे ठिपके उमटतात. जिथे गर्दी, तिथे शोधायचं. कोकण किनाऱ्याचे महिन्यावार आकडे त्यांनी कुठूनकुठून जमवलेत. आजवर हा प्रोग्राम कोणी वापरलेला नाही.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

आज दादा वर्गात आला. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून थेट आला होता, चपला दाराबाहेर काढल्या आणि उंबऱ्यावरच थांबला. अंगाला मासळीचा वास आहे म्हणून आत येईना. सरांनीच हात धरून आत आणलं.

"ह्यात इंजिन कुठं हाय?" दादाने विचारलं.

मी झाकण काढून प्रोसेसर दाखवला.

"झुरळाएवढं हाय रे," तो म्हणाला आणि वाकून बराच वेळ बघत राहिला. मग मी क्रिस्टलची हकीकत सांगितली. त्याला ती आमच्या मुलांपेक्षा लवकर समजली. "माज्या इंजिनाचं पण तेच. रेटलं तर रेटतं. मंग तापतं, मंग खोकतं. खोकलं की मी थांबतो."

त्याच्या होडीचं इंजिन या मोसमात फारच खोकतंय. वहिनी रोज सांगते, मेस्त्रीला दाखवा. तो म्हणतो, दाखवू.

सरांनी त्याला होड्यांचा प्रोग्रामही दाखवला. जाताना दादा सरांना म्हणाला, "माजा भाव हुशार हाय ना?" सर म्हणाले, हुशार आहे, उतावळा आहे. दादाने पहिलंच तेवढं ऐकलं. घरी येऊन वहिनीला सांगितलं, सर म्हणाले महिपत हुशार. आईबाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. दादा शाळा सोडून होडीवर गेला, म्हणून मी शाळेत राहिलो. असं ऐकलं की मला त्याच्याकडे बघता येत नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सर दिवाळीसाठी पुण्याला मुलीकडे गेले. महिनाअखेरीस येतील. किल्ली माझ्याकडे. "झाडलोट कर, धूळ बसू देऊ नको, आणि त्या क्रिस्टलला हात लावू नको," एवढं सांगून एस्टीत बसले.

१० नोव्हेंबर, गुरुवार

पाडवा. सकाळी फराळ करून वर्गात गेलो आणि क्रिस्टलला हात लावला. टेबलपंखा उघड्या यंत्रावर सोडला तर चाळीस मिनिटं टिकतं.

एक युक्तीही सापडली. प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ घातली की यंत्र मेमरी तपासायचं बंद करतं. मग ते दोन शब्द येत नाहीत आणि यंत्र थांबतही नाही. ओळ घालून बघितली. दीड तास सलग चाललं. एवढीशी ओळ, आणि मी सकाळपासून पंखे लावत बसलोय.

१२ नोव्हेंबर, शनिवार

भाऊबीज झाली, होड्या निघाल्या. दादा पहाटे गेला. बरोबर बाबल्या आणि शिवा, दोघेही जुने खलाशी. मेस्त्री दिवाळीत गावाला गेलाय, त्यामुळे इंजिन तसंच. वहिनीने डबा आदळून बांधला. मी अंथरुणातच होतो. दादाने दारातून हाक मारली, मी "हं" म्हटलं.

१४ नोव्हेंबर, सोमवार

दादा काल संध्याकाळी यायला हवा होता. आला नाही. काल दुपारपासून वायव्येचा वारा सुटलाय, बाकीच्या होड्या धावत परत आल्या.

आज सकाळी काळबादेवीच्या एका होडीने सांगितलं, रविवारी बाराच्या सुमाराला दादाची होडी दीपगृहापासून वीसेक मैल बाहेर उभी दिसली. इंजिन बंद होतं. यांनी दोर टाकू का विचारलं, तर दादाने हात हलवून सांगितलं, नको, चालू होतंय. मग वारा आला आणि त्यांना दिसेनासं झालं.

बंदर कार्यालयात कळवलं. त्यांनी तारा केल्या. वहिनी दिवसभर धक्क्यावर.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी धक्क्यावर माणसं जमली. तीन होड्या शोधायला जायला तयार झाल्या, उद्या उजाडताच. पुढारी रावजी काका. मिरकरवाड्यात होडी हाकणारा त्यांच्याएवढा जुना तांडेल नाही. जायचं कुठे, हा प्रश्न. मी म्हटलं, मला आजचा दिवस द्या, मी सांगतो. काही जण हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "बग तुजं. आमी डिझेल, पाणी भरून ठेवतो."

अकराला वर्गात गेलो. वाऱ्याचे आकडे बंदरातून घेतले होते, पाण्याची ओढ सरांच्या तक्त्यात होती. या आठवड्यात विजेच्या तारांचं काम असल्यामुळे माळनाक्याला दुपारी चारला वीज जाते ती सकाळीच येते. म्हणजे जुन्या वेगाने साडेपाच तास शक्यच नव्हते. चोवीसचा क्रिस्टल लावला.

वहिनी मागोमाग आली. हातात गोणपाटात गुंडाळलेला बर्फ होता, बर्फाच्या कारखान्यातून आणलेला. "तुमचं मशीन तापतं म्हणाले व्हते ह्ये," ती म्हणाली. मी बर्फ पत्र्याच्या घमेल्यात ठेवला, मागे पंखा लावला, गार वारा प्रोसेसरवर घेतला. प्रोग्राम सुरू केला.

सव्वाबाराला पॅरिटी चेक. पुन्हा सुरू. बारा पंचवीसला पुन्हा. घड्याळ बघितलं. आता एकदाही थांबलं तर चारच्या आत होणार नव्हतं. मी ती ओळ घातली.

त्यानंतर यंत्र एकदाही थांबलं नाही.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. पडद्यावर ठिपके उमटायला लागले तसं तिने विचारलं, "ह्ये काय?"

"होड्या."

"इतक्या?"

"पाचशे. त्यातली एक आपली."

ती पुढे सरकून बसली. मग प्रत्येक ठिपका बघत राहिली. बर्फ विरघळला तसं घमेल्यातलं पाणी तिनेच दोनदा ओतून टाकलं.

पावणेचारला संपलं. पाचशेपैकी चारशे बारा ठिपके दक्षिणेला, नाटे गावाच्या बाहेर, राजापूरच्या समुद्रात. एवढी स्पष्ट गर्दी मी कधी पाहिली नव्हती. कागद छापून झाला आणि वीज गेली.

धक्क्यावर काकांनी कागद हातात धरला, उलटा, मग सुलटा. "नाट्याकडे?" ते म्हणाले. "महिपत, दिवाळी झाली की पाणी वर उत्तरेला जातं. जयगडाकडे, हर्णैकडे. होडीत पाणी भरलं असणार. भरल्या होडीला वारा ढकलत नाय, तिला पाणी नेतं. तुजं मशीन पाणी धरतं काय?"

"धरतं. सरांनी आकडे घातलेत. पण वारा जोराचा होता ना, काका."

"एक होडी तरी मी वर नेतो."

मी नाही म्हटलं. एक होडी दोन मैलांच्या पलीकडे बघू शकत नाही. तिन्ही ओळीत चालल्या तरच गर्दीचा भाग एका दिवसात पुरा होईल. सरांच्या टिपणात तसंच लिहिलंय. माझा आवाज चढला होता. माणसं ऐकत होती. काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

घरी आलो तेव्हा काका आणि वहिनी विहिरीजवळ बोलत उभे होते. मी दिसलो तसे गप्प झाले. प्यायच्या पाण्याचं काही ठरवत असतील.

१६ नोव्हेंबर, बुधवार

तिन्ही होड्या दक्षिणेला गेल्या. मी पहिलीत बसणार होतो, काकांनी उतरवलं. "तुला सारखी उलटी व्हईल, मंग तुला सांभाळायला एक माणूस जाईल." खरंच आहे. मी तांडेलाचा भाऊ आणि मला समुद्र लागतो.

उद्या रात्रीपर्यंत दादा घरी असेल. वहिनीने कुळीथ भिजत घातलेत.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही. वारा पडलाय. समुद्र इतका शांत की राग येतो.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

होड्या दुपारी परत आल्या. नाट्यापासून देवगडापर्यंत जाऊन आले. एक फळकुटदेखील नाही. काका माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, डिझेल भरतो आणि उद्या वर जातो.

वहिनी त्यांच्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला तार. आंजर्ल्याच्या बाहेर काल संध्याकाळी होडी सापडली. दोघे जिवंत.

दोघे.

२१ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी काकांच्या होडीने आंजर्ल्याला गेलो. वाटेत सारखी उलटी होत होती. दादाला रत्नागिरीला आणता येण्यासारखं नव्हतं. अंधार पडायच्या आत तिथेच, खाडीच्या तोंडाजवळ अग्नी दिला. वहिनी घरीच राहिली होती. तिने त्याला पाहिलं नाही.

चेहरा बराचसा त्याचाच होता. एवढंच लिहितो.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

बाबल्याला दवाखान्यातून घरी सोडलं. भेटायला गेलो. ओठ अजून फुटलेले आहेत. पडूनच होता, हळूहळू बोलला.

रविवारी दादा इंजिन चालू करायला हँडल मारत होता. ते उलटं फिरलं आणि छातीत बसलं. तरी उठला, पुन्हा मारलं, इंजिन लागलं नाही. मग वारा, लाटा, होडीत पाणी. गोडं पाणी मंगळवारी संपलं. दादाला श्वास घ्यायला त्रास होत होता, पण दोघांना धीर देत होता. म्हणत होता, महिपत मशीनवर बघंल. आपण कुठं हाव त्ये त्याला कळंल.

"शुद्धीत होता?" मी विचारलं.

"शेवटपरेंत. बेस्तरवारी दुपारी गेला. सूर्य डोक्यावर व्हता. सकाळी म्हणाला, आज येतील."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. होड्या बुधवारी पहाटे निघाल्या होत्या.

मी तिथून निघालो आणि किती वेळ कुठे चाललो ते आठवत नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार

सर काल पुण्याहून आले, आज घरी भेटायला आले. वहिनीसमोर बसले, तिने विचारलं नव्हतं तरी स्वतः मागून चहा प्यायले. जाताना मला म्हणाले, "उद्या वर्गावर ये. आपण एकदा सावकाश चालवून पाहू."

३० नोव्हेंबर, बुधवार

काल दादाचं तेरावं होतं म्हणून आज गेलो. यंत्रात अजून चोवीसचाच क्रिस्टल होता. सरांनी पाहिलं, स्वतःच्या हाताने जुना बसवला. मग प्रोग्राम उघडला आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

"ही तू घातलीस?"

"हो. सारखं बंद पडत होतं. वीज जाणार होती."

त्यांनी ती ओळ पुसली. वाऱ्याचे आकडे मी दिले होते तेच दिले आणि दहा वाजता सुरू केलं. साडेतीनला संपलं. आम्ही दोघे तिथेच बसून होतो. सरांनी डबा उघडला, माझ्यापुढे अर्धी पोळी ठेवली, ती तशीच राहिली. ठिपके एकेक करून उमटत होते आणि एकेक करून उत्तरेला जात होते. शंभर झाले तेव्हाच मला कळलं. तरी पाचशेपर्यंत बघितलं. तीनशे सदुसष्ट. जयगडच्या पुढे, हर्णै, आंजर्ले.

मग सरांनी माझा त्या दिवशीचा कागद मागितला. काकांनी तो मला परत दिला होता, घामाने घड्या फाटलेल्या. कागदाच्या तळाला प्रोग्रामने वापरलेले आकडे छापले जातात. सरांनी तिथे बोट ठेवलं. पाण्याच्या ओढीचा आकडा बरोबर होता, फक्त त्याच्याआधी उणे होतं.

"चालता चालता मेमरीत एवढंच बिघडलं," सर म्हणाले. "अधिकचं उणे. उत्तरेला जाणारं पाणी दक्षिणेला गेलं."

"तपासणी चालू असती तर?"

"तर थांबलं असतं."

हा कागद मी हातात धरून धक्क्यावर गेलो होतो. सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. तळाची ओळ वाचली नव्हती. काकांनी तोंडावर विचारलं होतं, मशीन पाणी धरतं काय.

सर म्हणाले, "कोणाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी बोलणार नाही. पण महिपत, प्रोग्राम माझा आहे. तळाची ओळ इतकी बारीक मी छापायला नको होती."

ते माझ्यासाठी बोलले. मला कळतं.

२ डिसेंबर, शुक्रवार

कोणाला सांगितलेलं नाही. बाजारात दोघेतिघे भेटले, म्हणाले, मशीन ते मशीन, त्याला समुद्र काय कळणार. मी मान हलवली.

४ डिसेंबर, रविवार

वहिनी चार दिवस जेवत नाही. शेजारणी म्हणतात, दुःखच तसं आहे, होईल हळूहळू. आज दुपारी ती मागच्या दारी बसली होती, पुढ्यात वाटीभर तांदूळ निवडायला घेतलेला, हात थांबलेला. मी म्हटलं, "वहिनी, दोन घास तरी खा."

"भावजी, मी मारलं त्यांना," ती म्हणाली.

मला वाटलं, भ्रमात बोलतेय.

मग तिने सांगितलं. त्या मंगळवारी संध्याकाळी रावजी काका विहिरीवर तिच्याकडे आले होते. म्हणाले, बकुळा, पाणी वर चाललंय, मला खात्री हाय. महिपतला मी दुखवत नाय, पण तू हो म्हण, मी माजी होडी गुपचूप वर नेतो. नवरा तुजा हाय, तू सांग.

"आणि मी नको म्हटलं," वहिनी म्हणाली. "मी दिवसभर त्ये ठिपके बघितले व्हते. त्यांनी तुमाला शिकवलं त्ये कशासाठी? घरच्या माणसानेच तुमचं खरं मानलं नाय तर कोण मानंल? मी काकांना म्हटलं, भावजी सांगतात तिकडंच जा. काका दोनदा विचारत व्हते. दोनदा."

तिचे हात तांदळात होते. मी समोर उभा होतो. शुक्रवारी ती माझ्याकडे का बघत नव्हती, ते मला आज कळलं. मी समजत होतो, माझ्यावर रागावलीय.

न सांगता तिथून निघता आलं असतं. निघावंसं वाटलंही, हेही लिहून ठेवतो.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. क्रिस्टल, सरांनी नको म्हटलं होतं ते, यंत्र दोनदा थांबलं ते, ती एक ओळ. सावकाश चालवल्यावर ठिपके आंजर्ल्याला गेले ते. कागदाच्या तळाचं उणे. तिला समजेल अशा शब्दांत सांगत गेलो, आणि तिला सगळं समजलं.

"मी तिथं बसले व्हते," ती म्हणाली. "त्ये बंद पडलं दोनदा, मी बघितलं. तुमी कायतरी टायप केलंत. त्येच?"

"तेच."

"त्ये सांगत व्हतं तुमाला."

"हो."

ती उठली. तांदळाची वाटी उचलली, आत गेली. थोड्या वेळाने चुलीचा धूर आला. तिने भात केला, स्वतः जेवली, माझं पान झाकून ठेवलं आणि पडवीत जाऊन निजली.

५ डिसेंबर, सोमवार

सकाळी रावजी काकांकडे गेलो. त्यांनाही सांगितलं. जाळं दुरुस्त करत होते, सुई थांबली नाही. म्हणाले, "मी बी गेलोच ना खाली. मला कोणी बांधून नेला नव्हता."

९ डिसेंबर, शुक्रवार

वहिनी माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, कपडे धुते. मी घरात आलो की ती मागच्या दारी जाते. सरांना सांगितलं, मी महिनाअखेरीस वर्ग सोडतो. सर म्हणाले, महिनाअखेर येऊ दे.

१० डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी वहिनी दारात येऊन म्हणाली, "मला आंजर्ल्याला न्या. कुठं लागले त्ये बघायचं हाय."

सहा दिवसांनंतरचे पहिले शब्द.

१२ डिसेंबर, सोमवार

काल पहाटेच्या एस्टीने निघालो. दापोलीला गाडी बदलली, हर्णैला उतरलो, पुढे खाडी होडीने ओलांडायची. वहिनी पंधरा वर्षं तांडेलाची बायको, पण होडीत पाय ठेवायची तिची ही दुसरीच वेळ. काठ घट्ट धरून बसली. मला उलटी होईल असं वाटत होतं, झाली नाही.

दादाला जिथे अग्नी दिला ती जागा दाखवली. भरतीचं पाणी तिथवर येऊन गेलं होतं, काही उरलेलं नव्हतं. वहिनी वाळूत बसली. मी लांब उभा राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे.

तिथे जवळच एक झोपडं आहे. त्यातून एक म्हातारी बाहेर आली. गोदूबाई तिचं नाव. त्या शुक्रवारी होडी ओढून आणली तेव्हा ती तिथेच होती. बाबल्याला आणि शिवाला तिने चमच्याने पाणी पाजलं होतं. वहिनी कोण ते कळल्यावर ती तिच्या शेजारी बसली.

"तोंड मी धुतलं गो त्याचं," ती म्हणाली. "मीठ बसलं व्हतं सगळं. गोडं पाणी घेतलं आणि धुतलं. केस पण नीट केले. नाव म्हायती नव्हतं, म्हणून बाबा बाबा म्हणत धुतलं."

वहिनीने तिचा हात धरला. पहिल्यांदाच रडली, माझ्यादेखत पहिल्यांदा.

मग गोदूबाईने आम्हाला झोपड्यात नेलं, कोऱ्या चहाचं आधण ठेवलं. बोलता बोलता तिने विचारलं, "चार-पाच दिवस व्हती होडी पाण्यावर. कोण शोधायला नाय काय गेलं गो तुमच्यातलं?"

मी मान खाली घातली. आता ती सांगेल, आणि सांगायलाच हवं, असं वाटलं.

"गेले व्हते," वहिनी म्हणाली. "तीन होड्या गेल्या व्हत्या. दोन दिवस शोधत व्हते. ह्ये माजे दीर, ह्येंनी लय केलं. नाय सापडले."

गोदूबाई म्हणाली, दर्या मोठा, बाय. आणि चहा गाळायला लागली.

तिच्याकडे कप एकच होता, बाकी पितळेचे पेले. कप तिने वहिनीपुढे ठेवला. वहिनीने तो उचलला, बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "प्या भावजी," ती म्हणाली. "सकाळपास्नं पोटात काय नाय तुमच्या."